पेडल स्थिर, तरी चाकाचा वेग उड्या मारतो

कुंभारकामाच्या विजेच्या चाकावर पाय न हलवता वेग अचानक वाढतो आणि मातीचा मोठा गोळा सेंटर करताना (चाकाच्या मधोमध बसवताना) चाक दबतं, म्हणजे जोराखाली मंदावतं, या तुमच्या दोन तक्रारी. दोन्हींचं मूळ एकच असेल असं समजून थेट कंट्रोलर बोर्ड (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बदलू नका. तो महाग भाग, म्हणून सगळ्यात शेवटी. डीसी मोटर आणि एससीआर (वीज कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) कंट्रोलर असलेलं चाक धरून सांगतो.

उड्यांसाठी आधी पेडल उघडा. आतला पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे पेडलबरोबर बदलणारा रेझिस्टन्स) बहुधा ५ किंवा १० किलोओहमचा असतो. त्यात मातीची धूळ जाते, पट्टी झिजते आणि वायपरचा (पट्टीवर सरकणाऱ्या टोकाचा) संपर्क मध्येच सुटतो. प्लग काढा, पॉटच्या वायरी बोर्डपासून सोडवा. मधलं टोक आणि कडेचं एक टोक यांच्यात मीटर लावून पेडल अगदी हळू दाबा. रेझिस्टन्स सलग बदलायला हवा. मध्येच उडी मारली किंवा ओपन (संपर्क तुटलेला) दाखवलं, की दोष तिथेच. काट्याचा मीटर मिळाला तर उत्तम, क्षणभर तुटणारा संपर्क डिजिटलवर निसटतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने थोडे दिवस भागेल, पण झिजलेली पट्टी भरून येत नाही. तेवढ्याच किलोओहमचा सीलबंद लिनियर (रेझिस्टन्स एकसारखा बदलणारा) पॉट टाका. लॉग (रेझिस्टन्स असमान बदलणारा) पॉट टाकलात तर सगळा वेग पेडलच्या एका टोकाला गोळा होईल.

हे मोजमाप वीज चालू ठेवून मुळीच करू नका. बऱ्याच कंट्रोलरमध्ये पॉटची टोकं मेनपासून वेगळी केलेली नसतात, म्हणजे पेडलमध्येसुद्धा जीवघेणा व्होल्टेज असतो.

आता दबणं. गोळ्यावर जोर देताना दुसऱ्या कुणाला मोटरची पुली बघायला सांगा. पुली फिरतेय पण चाक थांबतंय, तर बेल्ट घसरतोय: ताण वाढवा, चकाकी आली असेल तर बेल्ट बदला. पुलीच मंदावतेय, तर प्लग काढून कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) पाहा. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शावर आले असतील तर जोडीने बदला. स्प्रिंग अडकत नाही ना, तेही बघा. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात ती तांब्याची कडी) काळा पडला असेल तर बारीक सँडपेपरने पुसा. एमरी पेपर नको, त्याचे कण फटींत रुततात.

ब्रश ठीक असूनही दबत असेल, तरच बोर्डवरच्या 'आयआर कॉम्प' ट्रिमरकडे (भार आल्यावर वेग टिकवण्यासाठीचा छोटा स्क्रू) वळा. आधी त्याच्या मूळ जागेवर खूण करा. इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने जरासा वाढवा, मग रिकामं चाक मंद वेगात फिरवून बघा. ते हेलकावे घ्यायला लागलं तर जास्त झालं, थोडा मागे घ्या.