देव नाही, आत्मा नाही, मग बौद्ध लोक मानतात तरी काय? आणि हे सुरू कुठून झालं?

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. आमच्या घरी रोज त्रिशरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं आणि पाच शीलं) म्हटलं जातं, म्हणून असेल. उत्तर मी वाराणसीजवळच्या सारनाथपासून सुरू करतो, कारण धम्माची, म्हणजे बुद्धांच्या शिकवणीची, खरी सुरुवात तिथली.

त्याआधीचं थोडक्यात. सिद्धार्थ गौतम शाक्य कुळातले. जन्म लुंबिनीचा, म्हणजे आजच्या नेपाळमधला. 'इथे बुद्ध जन्मले' असं सम्राट अशोकाने तिथल्या स्तंभावर कोरून ठेवलं आणि गावाचा करही कमी केला. परंपरेनुसार 29व्या वर्षी त्यांनी घर सोडलं. सहा वर्षं कडक तप केलं, अंग वाळून गेलं, हाती काही लागेना. मग त्यांनी अन्न घेतलं, तेव्हा सोबतचे पाच तपस्वी 'हा सुखाला लागला' म्हणत निघून गेले.

बोधगयेला ज्ञान झाल्यावर बुद्ध त्या पाचांकडेच सारनाथला गेले. त्यांना लांबून येताना पाहून पाचांनी ठरवलं, उठायचं नाही, नमस्कार करायचा नाही. पण ते जवळ आले तसं एकाने हातातलं पात्र घेतलं, एकाने आसन मांडलं, एकाने पाय धुवायला पाणी आणलं. विनयपिटकातला, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातला, हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो.

तिथे पहिलं प्रवचन झालं. देहाचे चोचले आणि देहाचे हाल, दोन्ही टोकं सोडा. जगण्यात दुःख आहे, त्याचं मूळ तृष्णेत आहे, तृष्णा सुटली की दुःख थांबतं, आणि ती सोडवण्याचा मार्ग आहे. ही चार आर्यसत्यं. मार्ग अष्टांगिक: सम्यक दृष्टी, संकल्प, वाचा, कर्म, आजीविका, व्यायाम (म्हणजे प्रयत्न), स्मृती (म्हणजे जागरूकता), समाधी. नावं पाठ होतात पटकन, आचरण अवघड. नुसती आजीविका घ्या. शस्त्रं, जिवंत प्राणी, मांस, दारू आणि विष यांचा व्यापार करू नका, असं बुद्धांनी उपासकांना स्पष्ट सांगितलं आहे.

त्या प्रवचनात पाचांपैकी कौंडिण्याला उमगलं की जे जे उत्पन्न होतं ते ते नाश पावतं. पुढे त्याच पाचांना बुद्धांनी एकेक तपासायला लावलं: रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाचे कल), विज्ञान (जाणीव). यातलं टिकाऊ काय? काहीच नाही. मग 'हा मी' म्हणून धरून ठेवायचं कशाला? आत्मा नाही म्हणतात ते या अर्थाने. देवांचे उल्लेख त्रिपिटकात, म्हणजे बौद्धांच्या मूळ ग्रंथांत, खूप येतात, पण तेही जन्ममरणात अडकलेलेच. मुक्ती देणारा कुणी नाही. प्रत्येक गोष्ट कारणांमुळे घडते, कारण गेलं की ती जाते. दुःखाचंही तसंच. माझ्या मते सगळा धम्म या एका गोष्टीवर उभा आहे.

संघाबद्दल, म्हणजे भिक्खूंच्या समुदायाबद्दल, बोलल्याशिवाय मात्र उत्तर अर्धवट राहील. शाक्य राजपुत्र दीक्षेला आले तेव्हा त्यांनीच विनंती केली की आमच्या न्हाव्याला, उपालीला, आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा कुळाचा गर्व उतरेल. तोच उपाली पुढे विनयाचा, म्हणजे संघाच्या नियमांचा, सर्वांत मोठा जाणकार ठरला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपुरात लाखो लोकांसह हा धम्म का स्वीकारला, हे समजून घ्यायचं असेल तर उपालीची गोष्ट आधी वाचा.