प्रबंधात पान क्रमांक कुठे द्यायचा, तळटीपेत की शेवटच्या संदर्भसूचीत?

दोन्हीकडे, पण दोन्हीकडचे आकडे वेगळे असतात आणि घोळ तिथेच होतो. समजा, तुम्ही सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉवर लिहिताय आणि वापरलेला लेख नियतकालिकात पान ४१ ते ५८ वर आहे. तुमचं अवतरण ४७ व्या पानावरचं असेल तर तळटीपेत फक्त ४७. सूचीत मात्र अख्खा लेख, म्हणजे ४१–५८. पुस्तक सबंध वापरलं असेल तर सूचीत पानं देत नाहीत. पुस्तकाची एकूण पानसंख्या तर नकोच.

आकड्याआधी 'पृ.' लावायचं का, हे संदर्भ देण्याच्या शैलीवर ठरतं. एपीए आणि एमएलए या अशाच दोन शैली, त्यांत तळटीपेऐवजी मजकुरातच कंसात संदर्भ देतात. एपीएत मजकुरातल्या कंसात लागतं. सूचीत संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला लागतं, नियतकालिकातल्या लेखाला नाही. एमएलएत मजकुरात नुसता आकडा, सूचीत मात्र 'पृ.' हवं. मार्गदर्शकांना आधीच विचारा, नंतर दोनशे तळटीपा बदलत बसाल.

स्कॅन केलेल्या जुन्या गॅझेटिअरची पीडीएफ वापरताना स्क्रीनवरचा आकडा उचलू नका. त्यात मुखपृष्ठ, प्रस्तावना सगळं मोजलेलं असतं. पानावर छापलेला आकडाच खरा. मी ही चूक केलीय, म्हणून सांगतो: ऐन मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात वाचनालयाच्या खेपा घालून एकेक पान पुन्हा जुळवलं.

वेबपानाला पानं नसतातच, तिथे उपशीर्षक किंवा कितवा परिच्छेद ते लिहा.