‘हाड जुळलं नाही’ म्हणावं का?

दारव्हा तालुक्यातून आलेला प्रश्न: “बाबाच्या खांद्याच्या एमआरआयात ‘ऑस अ‍ॅक्रोमिआले’ लिवलं हाये. सिस्टर म्हनते हाड जुळलं नाही. मंग ते मोडलं कधी होतं?”

शंका रास्त आहे. मराठीत ‘हाड जुळलं नाही’ म्हटलं की आधी मोडलं, प्लास्टर झालं, तरी धरलं नाही, असंच ऐकू येतं. इथे काहीच मोडलेलं नाही. खांद्याच्या माथ्यावर चाचपलं की जे चपटं, कडक टोक लागतं ते अंसकूट. वयात येताना त्याच्या कूर्चेत, म्हणजे मऊ हाडात, हाडाचे वेगवेगळे तुकडे धरतात आणि साधारण पंचविशीपर्यंत एकजीव होतात. एखादा सुटाच राहिला तर त्याला ‘ऑस अ‍ॅक्रोमिआले’ हे नाव. म्हणून ‘जन्मजात’ही नेमकं नाही, आणि पंचविशीच्या आत हे निदान ठामपणे करू नये.

‘ऑस’ हे लघुरूप नव्हे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच हाड. ‘अ‍ॅक्रोमिअन’मध्ये ग्रीक ‘टोक’ आणि ‘खांदा’ आहेत; आपल्या शब्दातही अंस म्हणजे खांदा, कूट म्हणजे शिखर. (संस्कृतात अंसकूट म्हणजे बैलाचं वशिंडही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकणाऱ्या गावाला तो परका वाटू नये.) ‘अजोड अंसकूट’ म्हणाल तर कौतुक होईल! मी ‘सुटं अंसकूट’ लिहीन, आणि बोलताना ‘तुकडा एकजीव झाला नाही’ म्हणेन.

एमआरआयवर मोडलेलं आणि सुटं कसं ओळखतात? आडव्या छेदांतले सगळ्यात वरचे दोन-चार आधी पाहावेत. छेद अंसकूटाच्या खालूनच सुरू केले असतील तर ते चित्रातच येत नाही आणि तुकडा हमखास निसटतो. दिसला तर हसळीच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) सांध्यामागे, अंसकूटाला आडवी छेदणारी फट दिसते. उभ्या छेदांत पुढून मागे जाताना एक सांधा संपून दुसरा लागल्यासारखं वाटतं. तो हसळीचाच समजला की फसगत. सुट्या तुकड्याच्या कडा गोलसर, काळ्या रेघेने बांधलेल्या असतात. ताज्या मोडीच्या कडा धारदार, वेड्यावाकड्या, आजूबाजूला मार लागल्याच्या खुणा.

आता रिपोर्टातला ‘मॅरो इडिमा’. त्याचं ‘हाडाला सूज’ करू नका, बाबा खांदा फुगलाय का ते आरशात पाहत बसतील. चरबीची चमक दाबलेल्या चित्रात फटीच्या दोन्ही काठांचं हाड पांढरं चमकतं, म्हणजे आतल्या मगजात पाणी वाढलंय. तुकडा हलतोय, दुखणं त्याचंच असू शकतं. दंडावरचा डेल्टॉइड स्नायू तुकड्याला खाली ओढतो आणि खालची शीर घासते. इथे ‘शीर’ म्हणजे स्नायूचा दोर, रक्ताची नस नव्हे. काठ चमकत नसतील, तर बऱ्याचदा तुकडा योगायोगाने दिसलेला असतो, दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.