विषाणूपासून बीटा पेशींचा बचाव कसा होतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा : थोरल्या मुलाला तापाबरोबर हातापायांवर आणि तोंडात फोड आले, आठवड्याभरात तो बरा झाला, पण दोन महिन्यांनी त्याला टाइप १ मधुमेह असल्याचे निदान झाले. त्याच सुमारास धाकट्या मुलीलाही तोच ताप आला होता आणि तिची साखर मात्र व्यवस्थित आहे. मग तिच्या शरीराने असे काय केले, आणि तिची प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी काही द्यावे का?

मी बरीच वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले आहे. मुलांना मी तपासलेले नाही, तेव्हा त्यांच्याविषयी निदान म्हणून काही सांगणार नाही. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करतो. टाइप १ मधुमेहाची लक्षणे दिसू लागतात तेव्हा इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींची पडझड बहुधा कित्येक महिने, अनेकदा काही वर्षे आधीपासून चालू असते. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा ताप हे मूळ कारण असण्यापेक्षा अगोदरच डळमळलेल्या घराला बसलेला शेवटचा धक्का असण्याची शक्यता अधिक आहे.

विषाणू थेट बीटा पेशींवर घाला घालू शकतो, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. दहा वर्षांचा एक निरोगी मुलगा फ्लूसारख्या आजाराने पडला, तीन दिवसांच्या आत मधुमेहाच्या गंभीर अवस्थेत रुग्णालयात आला आणि सात दिवसांनी दगावला. त्याच्या स्वादुपिंडातून कॉक्सॅकी बी४ जातीचा विषाणू वेगळा काढण्यात आला, आणि तो उंदरांना टोचल्यावर त्यांचीही साखर वाढली. हा वृत्तान्त 1979 साली प्रसिद्ध झाला. हातापायांवर फोड आणणारे विषाणूही याच कुळातले, म्हणजे एन्टेरोव्हायरस गटातले; जगभर दरवर्षी असंख्य मुलांना यांची लागण होते आणि त्यांतल्या फारच थोड्यांना मधुमेह होतो. म्हणजे बचाव ही नेहमीची गोष्ट आहे आणि पराभव हा अपवाद.

हा बचाव कोण करतो, या प्रश्नाला माझे विद्यार्थी ‘पांढऱ्या पेशी’ असे ठरावीक उत्तर देत. ते चूक नव्हे, पण अपुरे आहे. स्वादुपिंडाची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की गडद जांभळ्या पेशींच्या दाटीत मध्येच फिकट, गोलसर ठिपके दिसतात. ती लँगरहान्सची बेटे. संपूर्ण स्वादुपिंडात त्यांचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के, आणि नवा विद्यार्थी हमखास त्यांच्यावरून नजर पुढे नेतो. बीटा पेशी या बेटांमध्येच राहतात. त्यांच्या पृष्ठभागावर कॉक्सॅकी विषाणूला चिकटता येईल असे प्रथिन असते आणि एकदा मेलेली पेशी सहजी भरून निघत नाही. अशा पेशीला बाहेरून मदत येईपर्यंत स्वतःच तग धरावा लागतो.

तग धरण्याचे तिचे साधन म्हणजे इंटरफेरॉनला दिलेला प्रतिसाद. 1957 साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन यांनी इंटरफेरॉन शोधले. विषाणूची चाहूल लागलेल्या पेशी ते सोडतात आणि ते मिळताच शेजारच्या पेशी दारे-खिडक्या लावून घेतात : प्रथिने बनवण्याचे काम थांबवण्याची आणि विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, तोडणारी विकरे कामाला लावण्याची तयारी करून ठेवतात, जेणेकरून विषाणू आत शिरला तरी त्याला आपल्या प्रती काढता येऊ नयेत.

कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संशोधन संस्थेतील गटाने 2002 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. त्यांनी असे उंदीर तयार केले, ज्यांच्या फक्त बीटा पेशींना इंटरफेरॉनची हाक ऐकू येत नव्हती. त्यांची बाकीची प्रतिकारयंत्रणा शाबूत होती. कॉक्सॅकी बी४ टोचल्यावर या बहिऱ्या पेशींमध्ये विषाणू माजला आणि त्या उंदरांना मधुमेह झाला, तर ज्यांच्या बीटा पेशी नीट ऐकत होत्या ते उंदीर त्यातून वाचले. गंमत अशी, की बाधित बीटा पेशींच्या नाशात नैसर्गिक मारक पेशींचा, म्हणजे शरीराच्याच शिपायांचा, हात होता. पेशीने स्वतःचे घर सांभाळले तर शिपाई आत येत नाहीत. तिने हात टेकले की ते विषाणूसकट घर पाडतात.

पुढचे काम रक्तातील प्रतिपिंडांचे, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला निकामी करणाऱ्या प्रथिनांचे. ज्या मुलांच्या शरीरात जन्मतःच प्रतिपिंडे तयार होत नाहीत, त्यांच्यात एन्टेरोव्हायरसचा संसर्ग चिवटपणे रेंगाळू शकतो, यावरून त्यांचे महत्त्व ध्यानात येते. हे रेंगाळणे मधुमेहाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे दिसते. अमेरिका आणि युरोपमधील हजारो मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या ‘टेडी’ अभ्यासात, ज्यांच्या शौचातून एन्टेरोव्हायरस बी गटाचा एकच विषाणू दीर्घकाळ सापडत राहिला त्यांच्यात बेटांविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच बीटा पेशींवर उलटल्याची खूण, निर्माण होण्याशी संबंध आढळला. आला आणि गेला अशा संसर्गाचा तसा संबंध दिसला नाही.

आता ‘प्रतिकारशक्ती वाढवण्या’बद्दल. इथे बहुतेकांचा अंदाज उलटा पडतो. विषाणूच्या आरएनएचा वास घेणारे एमडीए५ नावाचे एक प्रथिन आपल्या पेशींत असते. ते दुबळे करणारे काही दुर्मीळ जनुकीय बदल ज्यांच्यात आहेत त्यांना टाइप १ मधुमेहाचा धोका कमी असतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवले. पहारेकरी अतिजागरूक असला, तर इंटरफेरॉनचा भोंगा वाजतच राहतो, बीटा पेशी आपल्या पृष्ठभागावर ओळखीच्या खुणा प्रमाणाबाहेर मांडतात आणि टी-पेशींना, म्हणजे बाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, त्या शत्रू वाटू लागतात. हेपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शने घेतलेल्या काही रुग्णांना टाइप १ मधुमेह झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. बीटा पेशींना हवा असतो तो लवकर उठणारा आणि काम संपताच शांत होणारा प्रतिसाद. असा प्रतिसाद काढ्याने किंवा बाजारातल्या कुठल्याही ‘बूस्टर’ने घडवता येतो, असे मानायला आधार नाही. तेव्हा मुलीला त्यातले काहीही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भावंडांमध्ये एकाला हा आजार झाला तरी बहुतेक वेळा दुसऱ्याला तो होत नाही. तरीही बालमधुमेहतज्ज्ञांना विचारून मुलीची बेटांविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून घेता येईल. ही प्रतिपिंडे लक्षणांच्या बरीच आधी दिसू शकतात. तिला सतत तहान लागू लागली, वजन घटू लागले किंवा बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, तर साखर मात्र त्याच दिवशी तपासावी, आठवडा वाट पाहू नये.