वनस्पतीच्या पेशीत आरएनएची मोडतोड होणे आणि जीन सायलेन्सिंग होणे, हे एकच आहे का?

एकच नाही. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे माझ्या पीएच.डी.चे जवळजवळ एक वर्ष वाया गेले असल्याने उत्तर थोडे लांबणार आहे.

नेहमीची मोडतोड प्रत्येक संदेशवाहक आरएनएच्या वाट्याला येते: त्याच्या एका टोकाची शेपूट आखडते, दुसऱ्या टोकाची टोपी निघते आणि एक्सआरएन४ हे विकर त्याला एका टोकाकडून कुरतडत जाते. सायलेन्सिंगला, म्हणजे पेशीने एखादा ठरावीक जनुक गप्प करण्याला, मात्र आधी दुहेरी धाग्याचा आरएनए लागतो. डायसर हे विकर त्याचे २१ ते २४ न्यूक्लिओटाइडांचे (आरएनएच्या एककांचे) तुकडे पाडते आणि आर्गोनॉट प्रथिन त्यातला एक धागा हाताशी धरून, त्याच्याशी जुळणारा संदेश हुडकून कापते.

आपण लिहिले आहे की आपल्या ट्रान्सजेनिक (बाहेरचा जनुक घातलेल्या) रोपात त्या जनुकाच्या आरएनएचा बँड, म्हणजे पट्टाच दिसत नाही आणि सर 'आरएनए डिग्रेड झाला' म्हणतात. माझेही नेमके हेच झाले होते. विषाणूच्या आवरण-प्रथिनाचा जनुक घातलेल्या तंबाखूच्या ओळींपैकी (वाणांपैकी) जिच्यात सदर्न ब्लॉट या डीएनए-चाचणीनुसार जनुकाच्या सर्वाधिक प्रती होत्या, तिचीच लेन नॉर्दर्न ब्लॉट या आरएनए-चाचणीच्या फिल्मवर कोरी आली. "हातमोजे घातले नव्हतेस ना?" एवढेच गाईडनी विचारले. मी डीईपीसीचे (आरएनए तोडणारी विकरे निकामी करणाऱ्या रसायनाचे) पाणी नव्याने केले, काचेची भांडी रात्रभर भाजली आणि तोच प्रयोग चार वेळा केला. चारही वेळा त्याच लेनमध्ये २५एस आणि १८एस रायबोसोमल आरएनएचे पट्टे धारदार होते, वरचा खालच्याहून ठळक, मध्ये कुठेही ओघळ नाही, म्हणजे आरएनए शाबूत. हाताच्या घामातला आरएनएज (आरएनए तोडणारे विकर) रायबोसोमच्या आरएनएला हात न लावता नेमका आमच्याच जनुकाचा आरएनए खाईल, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. विषाणू टोचून पाहण्याआधीच ती ओळ नष्ट करण्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्रात) गेली.

याच गाईडनी आम्हाला वर्गात पेटुनियाची गोष्ट रंगवून सांगितली होती: गडद जांभळ्या फुलांसाठी चाल्कोन सिंथेज या रंग बनवणाऱ्या विकराच्या जनुकाची जादा प्रत घातली आणि फुले पांढरी, ठिपकेदार निघाली. तो शोध १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. हॅमिल्टन आणि बॉलकोम्ब या शास्त्रज्ञांनी सायलेन्सिंगमधले हे तुकडे, म्हणजे लहान आरएनए, १९९९ मध्ये दाखवले. आवरण-प्रथिनाचा जनुक असलेली हवाईतली रेनबो पपई रिंगस्पॉट विषाणूला दाद देत नाही, तीही याच यंत्रणेमुळे. स्वतःच्या प्रयोगशाळेत मात्र तेच घडू शकते, हे त्यांना मान्य नव्हते.

म्हणून माझा सल्ला असा की रायबोसोमच्या पट्ट्यांचा फोटो तारीख टाकून वहीत चिकटवा आणि तो सरांसमोर ठेवल्याशिवाय चर्चेला बसू नका. लहान आरएनए पाहायचे असल्यास १५ टक्क्यांचे, दाट जाळीचे पॉलिअॅक्रिलामाइड जेल घ्या. नेहमीच्या विरळ जाळीच्या अॅगरोज जेलमधून ते केव्हाच बाहेर वाहून जातात.

दोन गोष्टी राहिल्या. या दोन वाटा एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत: एक्सआरएन४सारखी मोडतोडीची यंत्रणा लंगडी पडली, तर साचलेल्या टोपीविना आरएनएवर आरडीआर६ हे विकर दुसरा धागा विणते आणि पेशी स्वतःचेच जनुक गप्प करू लागते. शिवाय सायलेन्सिंगमध्ये आरएनए कापला जातोच असे नाही. कधी भाषांतर (संदेशावरून प्रथिन बनणे) अडते, तर कधी २४ न्यूक्लिओटाइडांच्या तुकड्यांमुळे डीएनएवर मेथिल गट बसून संदेश मुळात तयारच होत नाही. माझ्या त्या ओळीत यांपैकी काय घडले, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण पॉलिअॅक्रिलामाइडचे जेल तेव्हा मीसुद्धा चालवले नव्हते.