काठी लवकर हातात घे

नजर गेल्यावर मी सहा महिने नाशिकला पंचवटीतल्या घरात बसून काढले. आई ताटसुद्धा हातात आणून द्यायची. तू तसं करू नकोस.

आधी पांढरी काठी, आणि ती शिकवणारा माणूस. उभी धरल्यावर छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायला हवी. डावं पाऊल पुढे पडताना टोक उजवीकडे टेकव, उजवं पडताना डावीकडे. म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासली जाते. रविवार कारंजाच्या गर्दीत मात्र काठी आखूड, पेनासारखी धर. तिथे फुटपाथवर लावलेल्या गाड्यांना डोळसही अडखळतात, त्यामुळे लाजू नकोस.

शंभरच्या नोटेच्या कडांना चार उठावाच्या तिरक्या रेघा असतात, पाचशेच्या पाच. रेघा झिजल्या असतील तर रिझर्व्ह बँकेचं 'मनी' अ‍ॅप नोट ओळखतं. मोबाइलवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणारी सोय, सुरू कर; पहिला आठवडा चिडचिड होईल.

सिव्हिलमधून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचं बघ. दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली आलं तर सवलती अडतात.

आणि उद्यापासून चहा तूच ओत. कपाच्या आत कडेला बोटाचं टोक ठेव, गरम लागलं की थांब. आई ओरडेल. ओरडू दे.