मी तुमच्या मागे

प्रिय चिऊ,

शनिवारी दुकानात मी त्या बाईंवर डाफरले, आणि घर येईपर्यंत तू गप्प होतीस. मग जिन्यात विचारलंस, "आई, मराठी माणसं रांग लावतात का गं?" हातातल्या पिशव्या जड होत्या, म्हणून नुसतं "लावतात" म्हटलं. आता नीट सांगते.

आधी माझ्या रागाचं. जर्मनीत कुणी रांग मोडत नाही, असं मी इथे यायच्या आधी ऐकलं होतं. खरंय ते, पण एकच काउंटर चालू असेल तोवर. दुसरं उघडलं की सगळ्यात शेवटचा माणूस सगळ्यात आधी पळतो. माझं दूध, बटाटे काउंटरच्या सरकत्या पट्ट्यावर मांडलेले, त्यामागे मागच्याचं सामान वेगळं राहावं म्हणून ती दांडी आडवी ठेवलेली, आता हलणार कशी? आणि आत्ता आलेली बाई पैसे देऊन बाहेरसुद्धा! तिने नियम मोडला नाही म्हणे. नवं काउंटर, नवी रांग.

मी डोंबिवलीत वाढले. तिथे रेशनच्या दुकानात रॉकेल आलं की आजी मला कॅन देऊन पिटाळायची. कॅन रांगेत ठेवायचा, पुढच्यांना सांगायचं, "काका, मी तुमच्या मागे हं," आणि सावलीत जाऊन बसायचं. रांग सरकली की काका पायाने माझाही कॅन पुढे ढकलायचे. कुणी मध्ये घुसलं तर तेच ओरडायचे, "ओ, इथे नंबर आहे!" मी तिथे नसतानाही माझा नंबर असायचा. (याच सोयीने "या माझ्याबरोबर आहेत" म्हणून चारचार मैत्रिणी आत घेणाऱ्याही असायच्या. तुझी मावशी त्यात पटाईत.)

स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग मात्र अगदी सरळ. आणि त्याच स्टेशनात, लोकलच्या दारात, रांग कसली? गाडी काही सेकंद थांबते. तिथे आजोबांनी मला शिकवलं ते कोपर कसं धरायचं.

आजी एकदा आषाढीला पंढरपूरला गेली होती. दर्शनबारी पार गोपाळपूरपर्यंत. रात्र रांगेतच काढली, मागच्या बाईंची भाकरी खाल्ली, त्यांचं गाठोडं सांभाळलं. तिथे सगळे एकमेकांना माऊलीच म्हणतात. धक्का देतानासुद्धा: "माऊली, सरका की पुढं!" विठोबाच्या पायाशी पोचल्यावर डोकं टेकवायला मिळालं क्षणभर. घरी आल्यावर आजी त्याबद्दल थोडं बोलली आणि त्या भाकरीवाल्या बाईंबद्दल आठवडाभर.

तर त्या बाईंनी मागे वळून नुसतं "तुम्ही आधी जाताय का?" विचारलं असतं, तर मी म्हणाले असते, "जा तुम्ही, माझं सामान मांडून झालंय."

बुधवारी दूध आणायला जाऊ. दुसरं काउंटर उघडलं तर तू पळ. पण आधी पुढच्या आजोबांना विचार. दांडी मी सांभाळते.

तुझी,
आई